वीज, पाणी आणि पासवर्ड

१२ ऑक्टोबर २०२०, सोमवार. सकाळी दहाच्या सुमाराला मुंबई, ठाणे आणि नवी मुंबईची वीज एका झटक्यात गेली. लोकल जिथल्या तिथे थांबल्या, घरून चाललेल्या कचेऱ्या बंद पडल्या, आणि करोनाचे दिवस असल्याने रुग्णालयांची धास्ती वेगळीच होती. बिघाड झाला होता कळवा आणि पडघा यांच्यामधल्या ४०० केव्हीच्या वाहिन्यांवर. पडघा म्हणजे नाशिक महामार्गावरचं, शहापूरच्या अलीकडचं गाव. एक वाहिनी आधीपासूनच बंद होती, दुसरी दहाला गेली, आणि उरलेल्यांवर वळलेला भार त्यांना झेपला नाही. बाहेरची वीज तुटली तर मुंबईला वेगळं काढून वाचवायची ‘आयलँडिंग’ यंत्रणा १९८१पासून आहे. ऐन वेळी तीही टिकली नाही.

साडेचार महिन्यांनी या घटनेला दुसरं वळण लागलं. रेकॉर्डेड फ्युचर नावाच्या अमेरिकी कंपनीने असा अहवाल दिला की चीनशी लागेबांधे असलेल्या एका गटाने भारतातल्या वीज-भार केंद्रांच्या संगणकांत शिरकाव करायचा प्रयत्न केला होता. लगेच १ मार्च २०२१ रोजी राज्याचे तेव्हाचे गृहमंत्री अनिल देशमुख यांनी सायबर विभागाच्या अहवालाचा हवाला देऊन सांगितलं, की १४ ट्रोजन घुसवले गेले असावेत आणि ८ जीबी माहिती बाहेरून आत आली असावी. तेव्हाचे केंद्रीय ऊर्जामंत्री आर. के. सिंह यांनी मात्र ठामपणे वेगळं सांगितलं: हा घातपात नाही, माणसांच्या हातून झालेली चूक आहे.

खरं काय, हा निवाडा करण्याची ही जागा नाही. मला त्यातली एकच गोष्ट महत्त्वाची वाटते. भार जास्त झाला म्हणून तार तुटली की कुणी संगणकात शिरलं म्हणून तुटली, हे राज्य आणि केंद्र दोघांना मिळून एका आवाजात सांगता आलं नाही. विजेची काटकसर पाहणारे अभियंते आणि संगणकाची राखण करणारी माणसं वेगवेगळ्या दालनांत बसतात, वेगवेगळे अहवाल लिहितात. बिघाड होतो तो मात्र दोघांच्या सामाईक जागेत.

या पुस्तकाचा विषय ती सामाईक जागा. डिजिटल व्यवस्थांची आणि कामाच्या ठिकाणांची सुरक्षा, आणि त्याच व्यवस्थांचा वीज, पाणी, कचरा यांवर पडणारा भार. विषयाचं नाव जड आहे, कबूल. मोठ्या कंपनीच्या गुळगुळीत वार्षिक अहवालात ते शोभून दिसतं. तिथे सुरक्षेचा अधिकारी सातव्या मजल्यावर आणि पर्यावरणाचा तिसऱ्यावर. ठाणे जिल्ह्यातल्या कसाऱ्यापासून मुरबाडपर्यंतच्या पट्ट्यात मजलेही नाहीत आणि दोन अधिकारीही नाहीत. ग्रामपंचायतीत एक संगणक परिचालक असतो आणि एक ग्रामसेवक. ग्रामसेवकाला सरकारने आता ‘ग्रामपंचायत अधिकारी’ असं नाव दिलंय. लोकांच्या तोंडी अजून भाऊसाहेबच आहे. सर्व्हरची राखण, जुन्या बॅटऱ्यांची विल्हेवाट, सरपंचांच्या डिजिटल सहीचं डोंगल, छतावरच्या सौर पॅनेलचा वायफाय हे सगळं या दोघांच्याच गळ्यात. मला तर वाटतं, हा विषय नीट समजून घ्यायचा तर शहरातल्या सातव्या मजल्यापेक्षा ही जागा बरी. इथे दोन्ही प्रश्न एकाच टेबलावर येतात.

त्या टेबलामागचं लोखंडी कपाट उघडून पाहू. कुठलंही कार्यालय घ्या, दृश्य फार बदलत नाही. वरच्या खणात घरपट्टीची जुनी रजिस्टरं. खालच्या खणात दोन मेलेले सीपीयू, फुगलेली यूपीएसची बॅटरी, चार-पाच रिकामी कार्ट्रिज, तुटलेल्या पिनेचा चार्जर, आणि वायरींचा असा गुंता की सोडवायला दुपार जाईल. निर्लेखनाचा ठराव झालेला नाही म्हणून ते टाकता येत नाही, आणि चालत नाही म्हणून वापरता येत नाही. मग कधीतरी रंगकामाच्या किंवा स्थलांतराच्या निमित्ताने सगळं एकदम भंगारात जातं, किलोच्या भावाने.

त्या सीपीयूतल्या हार्डडिस्कवर काय असतं? जन्म-मृत्यूच्या नोंदी, घरकुलाच्या याद्या, मागच्या पाच-सहा वर्षांत दाखल्यांसाठी आलेल्या आधार कार्डांच्या आणि बँक पासबुकांच्या स्कॅन प्रती. ‘फॉरमॅट मारला’ म्हणून परिचालक निर्धास्त असतो. पण साध्या फॉरमॅटने अनुक्रमणिका पुसली जाते, मजकूर बराचसा तिथेच राहतो, आणि फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरने तो परत काढता येतो. इकडे भंगारात गेलेल्या वायरी तांब्यासाठी नाल्याकाठी जाळल्या जातात; प्लास्टिकचा तो काळा धूर कुणी एकदा घेतला की विसरत नाही. बॅटरीतलं शिसं आणि आम्ल जमिनीत. एकाच खेपेत, भंगारवाल्याच्या एकाच टेम्पोतून गावाची माहितीही गेली आणि गावाच्या पाण्यात विषही गेलं.

कायदा या टेम्पोकडे दोन खिडक्यांतून पाहतो. पर्यावरण मंत्रालयाचे ई-कचरा व्यवस्थापन नियम २०२२ हे १ एप्रिल २०२३पासून लागू आहेत, बॅटऱ्यांचे नियमही २०२२चेच. इलेक्ट्रॉनिक्स व माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाचा वैयक्तिक डिजिटल माहिती संरक्षण कायदा २०२३चा. ई-कचऱ्याच्या नियमांत ‘मोठा ग्राहक’ म्हणजे किमान एक हजार उपकरणं वापरणारी संस्था. आपली ग्रामपंचायत, आश्रमशाळा, पतसंस्था त्यात कुठे बसणार? एकच हार्डडिस्क एका कायद्याच्या लेखी कचरा आणि दुसऱ्याच्या लेखी माहितीचा साठा आहे, आणि दोन्ही कायद्यांचे कागद या कार्यालयापर्यंत वेगवेगळ्या पाकिटांतून येतात. बहुतेकदा येतच नाहीत.

इथे पहिला खरा पेच उभा राहतो. सुरक्षावाला सांगतो, डिस्कवर हातोडा घाला, भोकं पाडा. पर्यावरणवाला सांगतो, यंत्र मोडू नका, शाळेला द्या, अजून चार वर्षं चालेल. दोघंही बरोबर. लॅपटॉपच्या आयुष्यभराच्या कार्बनभाराचा मोठा वाटा तो कारखान्यातून बाहेर पडेपर्यंतच खर्ची पडलेला असतो, त्यामुळे यंत्र जितकी वर्षं जास्त वापरलं तितकं चांगलं. आणि गावाच्या आधार प्रती शाळेच्या संगणकात सापडाव्यात, हेही कुणाला चालणार नाही. तोडगा आहे, पण तो शेवटच्या दिवशी हाती येत नाही. यंत्र घेतलं त्याच दिवशी डिस्कवर एन्क्रिप्शन चालू केलेलं असेल, तर पुढे फक्त किल्ली नष्ट केली की पुरे. उरलेला मजकूर कुणालाही वाचता न येणारा कचरा होतो आणि यंत्र धडधाकट शाळेत जातं. ही सोय बऱ्याच यंत्रांत आधीपासून असते आणि तिला वेगळा पैसा पडत नाही. पुढच्या प्रकरणांत ही गोष्ट वेगवेगळ्या रूपांत भेटत राहील: सुरक्षा पहिल्या दिवशी केली तर यंत्र वाचतं, शेवटच्या दिवशी केली तर ते फोडावं लागतं.

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १०ला मिळणारा नेहमीचा आधार संपला. विंडोज ११ला टीपीएम २.० नावाची चिप आणि बऱ्यापैकी नवा प्रोसेसर लागतो. म्हणजे काल संध्याकाळपर्यंत उत्तम चालणारं यंत्र आज सकाळी एकतर असुरक्षित ठरलं किंवा भंगार. कुणी तारीख ठरवली? या तालुक्यातल्या कुणी नाही. लिनक्स हा एक मार्ग आहे. सी-डॅकने बॉस नावाची भारतीय भाषांतली आवृत्तीही काढली आहे, आणि ज्यांचं काम ब्राउझरमध्येच चालतं त्यांना फरकही जाणवणार नाही. पण डिजिटल सहीच्या डोंगलचे ड्रायव्हर आणि काही जुनी सरकारी सॉफ्टवेअर तिथे रुसून बसतात, हे सांगितल्याशिवाय तो सल्ला देणं म्हणजे परिचालकाला तोंडघशी पाडणं. यातून काढायची वाट पुढे एका प्रकरणात सविस्तर दिली आहे. एक यंत्र सहीपुरतं नवं ठेवा, बाकीची लिनक्सवर न्या, असं तिचं थोडक्यात रूप.

डिजिटल व्यवहारांची महाराष्ट्रातली एक गाजलेली सुरुवात याच पट्ट्यात झाली. मुरबाड तालुक्यातलं धसई हे आसपासच्या वाड्यापाड्यांची बाजारपेठ असलेलं गाव. नोटाबंदीनंतर तीनेक आठवड्यांनी, १ डिसेंबर २०१६ रोजी, तेव्हाचे अर्थमंत्री सुधीर मुनगंटीवार यांच्या उपस्थितीत धसई राज्यातलं पहिलं ‘कॅशलेस’ गाव म्हणून जाहीर झालं. बँक ऑफ बडोदाने स्वाइप यंत्रं दिली. वडापाववाल्यापासून किराणा दुकानदारापर्यंत सगळ्यांची छायाचित्रं वर्तमानपत्रांत झळकली. पुढे बातमीदार परत गेले तेव्हा बरीच यंत्रं धूळ खात पडलेली होती. नेटवर्कचा भरवसा नव्हता, यंत्राला शुल्क होतं, आणि रोकड परत आल्यावर दहा रुपयांच्या वडापावसाठी कार्ड घासायला कुणाला हौस होती?

धसईवर हसणं सोपं आहे, आणि तेव्हा बऱ्याच जणांनी हसून घेतलं. मला त्या गावाच्या काउंटरवर पुढे काय काय आलं आणि गेलं, याचा क्रम अधिक शिकवणारा वाटतो, कारण तो राज्यभर तोच आहे. आधी आलं स्वाइप यंत्र: बॅटरी, सिमकार्ड, आणि रसायन लावलेल्या कागदाची गुंडाळी, जी रद्दीतही चालत नाही. मग आला क्यूआर कोड. छापील कागदाचा चौकोन, वीज शून्य, दुरुस्ती शून्य. पर्यावरणाच्या दृष्टीने इतकी स्वस्त आणि साधी डिजिटल वस्तू दुसरी दाखवता येणार नाही. मग लबाड गिऱ्हाइकं पैसे भरल्याचे खोटे स्क्रीनशॉट दाखवू लागली, कुणी दुकानदाराच्या कोडावर आपल्या कोडाचा स्टिकर चिकटवू लागलं. त्यावर उपाय म्हणून आला बोलका डबा. ‘पचास रुपये प्राप्त हुए’ असं हिंदीत किंवा मराठीत ओरडणारा. म्हणजे पुन्हा बॅटरी, पुन्हा सिम, पुन्हा चार्जर, आणि दोन-तीन वर्षांत पुन्हा कपाटातला खालचा खण. फसवणुकीने एक नवं यंत्र जन्माला घातलं. असुरक्षित व्यवस्था कचरा कसा वाढवते, हे इतकं स्वच्छ कुठल्याही पाठ्यपुस्तकात मला दिसलं नाही.

आणखी एक जागा: तहसील कचेरीजवळचं झेरॉक्सचं दुकान. दाखला काढायला आलेला माणूस फोनवरचं आधार दुकानदाराच्या व्हॉट्सअॅपवर पाठवतो, दुकानदार ते डाउनलोड करून छापतो, आणि फाइल तिथेच राहते. संगणकाचं डाउनलोडचं फोल्डर उघडलं तर ‘आधार १’, ‘आधार नवीन’, ‘आधार नवीन फायनल’ अशी रांग लागलेली असते. दुकानदार काही वाईट माणूस नसतो. पुसायचं त्याच्या डोक्यात येत नाही इतकंच. पण याच तालुक्यांत वीटभट्टीवर, शेतमजुरीवर जाणारे कातकरी आणि ठाकूर आदिवासी आधारच्या अंगठ्यावर बँकेतून पैसे काढतात. कष्टाने बोटांच्या रेषा झिजलेल्या असल्या की अंगठा लागत नाही, हा एक त्रास. दुसरा त्याहून वाईट. इतर राज्यांत दस्तनोंदणीच्या कागदांवरचे ठसे उचलून सिलिकॉनचे अंगठे बनवल्याचे आणि त्यांनी खाती रिकामी केल्याचे गुन्हे उघडकीस आले आहेत. पासवर्ड चोरीला गेला तर बदलता येतो. अंगठा कुठून बदलणार? आधारचं बायोमेट्रिक कुलूपबंद करायची सोय आहे. ती माहीत असलेली माणसं बोटांवर मोजण्याइतकी, आणि ज्याचे पैसे अंगठ्यावरच निघतात त्याने ते कुलूप दर वेळी कसं उघडावं, हा प्रश्न सोय बनवणाऱ्यांनी विचारात घेतलेला दिसत नाही.

झेरॉक्सच्या दुकानातल्या त्या फाइली फक्त तिथेच राहत नाहीत. त्या व्हॉट्सअॅपच्या बॅकअपमध्ये जातात, ईमेलमध्ये जातात, आणि शेवटी कुठल्यातरी डेटा सेंटरमधल्या फिरत्या चकतीवर जाऊन बसतात. देशातल्या डेटा सेंटरची सर्वांत मोठी दाटी मुंबई आणि नवी मुंबईत आहे: ऐरोली, रबाळे, महापे. राज्याच्या २०२३च्या माहिती तंत्रज्ञान धोरणात त्यांच्यासाठी खास सवलती आहेत. या इमारतींना दोन गोष्टी अखंड लागतात. एक वीज: संगणक चालवायला, आणि त्यांनी तापवलेली हवा थंड करायला. दुसरी, जिथे थंडाव्यासाठी कूलिंग टॉवर वापरतात तिथे, पाणी. ते वाफ होऊन आकाशात जातं, नळाला परत येत नाही.

हे पाणी कुठलं? ऐरोली-महापे ज्यात येतात त्या ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्ट्याला पाणी मिळतं ते बारवी धरणाचं. धरण महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाच्या, म्हणजे एमआयडीसीच्या मालकीचं. त्याची उंची वाढवली, २०१९च्या पावसाळ्यात ते वाढीव उंचीने भरलं, आणि मुरबाड तालुक्यातली तोंडली, मोहघर, काचकोली अशी गावं त्याची किंमत मोजून बसली. शेजारच्या शहापुरात गोष्ट आणखी जुनी. तानसा १८९२चं, मोडकसागर १९५७चं, मग भातसा. मुंबई रोज सुमारे ३,८५० दशलक्ष लिटर पाणी पिते, त्यातलं जवळजवळ निम्मं एकट्या भातसातून जातं, आणि दर उन्हाळ्यात त्याच तालुक्यात टँकर फिरतात. कसाऱ्याच्या वरच्या अंगाच्या पाड्यांवर एप्रिल-मेमध्ये बायका हंडे घेऊन झऱ्यावर रात्र काढतात, हे वर्तमानपत्रांना आता छायाचित्रापुरतंही नवं राहिलेलं नाही.

इथे तोल सांभाळायला हवा. शहापूरच्या टंचाईचं खापर डेटा सेंटरवर फोडणं खोटं ठरेल. ती टंचाई संगणकाच्या आधीची आहे, आणि तिची कारणं धरण बांधलं पण खालच्या गावाला नळ दिला नाही अशा साध्या जुन्या निर्णयांत आहेत. पण ‘क्लाउड’ म्हणजे हवेतली गोष्ट, तिचा जमिनीशी संबंध नाही, हे जे सहज बोललं जातं ते या तालुक्यांत तरी कुणी ऐकून घेऊ नये. त्या ढगाला इथलं पाणी लागतं.

याच एमआयडीसीच्या संगणकांवर २१ मार्च २०२१ रोजी खंडणीखोर व्हायरसचा, म्हणजे रॅन्समवेअरचा, हल्ला झाला. मुंबईतलं मुख्यालय आणि राज्यभरातली १६ प्रादेशिक कार्यालयं यांचं काम ठप्प झालं. बॅकअपच्या प्रती वेगळ्या नेटवर्कवर ठेवलेल्या होत्या, त्या वाचल्या, असं महामंडळाने सांगितलं. एकाच संस्थेच्या हाती धरणाचे दरवाजेही आहेत आणि भूखंडांचे सर्व्हरही. धरणाची सुरक्षा म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे कुंपण आणि रखवालदार येतो. पाणी सोडायचा निर्णय ज्या पडद्यावरच्या आकड्यांवरून घेतला जातो, त्या पडद्याला रखवालदार कोण, हे अजून क्वचितच विचारलं जातं.

वेगळ्या नेटवर्कवरचा बॅकअप म्हणजे दुप्पट जागा आणि जास्तीची वीज. मग ती उधळपट्टी का? याचं उत्तर कसाऱ्याच्या माणसाला शिकवावं लागत नाही. कसारा आणि इगतपुरी यांच्यामध्ये थळ घाटाचा चढ ३७ला १ आहे, आणि १८६५ साली हा मार्ग सुरू झाला तेव्हापासून तो तसाच आहे. वर जाणाऱ्या गाडीला कसाऱ्यात मागून बँकर इंजिनं लावतात, इगतपुरीला ती सुटतात आणि परत येतात. दिवसातला बराच वेळ ती नुसती उभी दिसतात. त्यांना रिकामी म्हणेल असा कसाऱ्यात कुणी भेटणार नाही. उतारावर याच घाटाची दुसरी सोय आहे, कॅच सायडिंग. सुटलेली गाडी चढणीच्या आडमार्गावर जाऊन आपोआप थांबावी म्हणून काढलेला फाटा. काटे एरवी त्या फाट्याकडेच लावलेले असतात. उतरणारी गाडी आधी थांबते, ताब्यात आहे हे दिसतं, आणि मगच तिला मुख्य मार्ग मिळतो. संगणकाच्या दारालाही हाच नियम हवा: दार मुळात बंद, ओळख पटली की उघडायचं. आपल्याकडे उलट चालतं. छतावरच्या सौर इन्व्हर्टरचा वायफाय कारखान्याने दिलेल्या पासवर्डवर, सीसीटीव्हीचा रेकॉर्डर ‘अॅडमिन’ आणि ‘१२३४५’वर, सरपंचांचं डोंगल परिचालकाच्या खणात आणि त्याचा पिन डोंगलवरच चिकटवलेल्या पट्टीवर. काटे कायमचे मुख्य मार्गाकडे.

आणि या घाटात तिसरी गोष्टही आहे. नव्या विद्युत इंजिनांची गाडी उतरताना ब्रेक लावते तेव्हा मोटारी जनित्रासारख्या चालून वीज तयार करतात आणि ती वरच्या तारेत परत सोडतात. ती त्याच वेळी चढणाऱ्या गाडीच्या उपयोगी पडू शकते. गाडी ताब्यात ठेवायची यंत्रणा आणि वीज वाचवायची यंत्रणा इथे एकच आहे. सौर पॅनेलपासून सीसीटीव्हीपर्यंत प्रत्येक खरेदीत असा जोड शोधता येईल का, हे पाहण्याचा प्रयत्न पुढच्या प्रकरणांत आहे. कधी तो सापडतो, कधी सापडत नाही.

न सापडण्याचीही उदाहरणं मुद्दाम ठेवली आहेत. सर्ट-इन या केंद्राच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२च्या आदेशाप्रमाणे सायबर घटना सहा तासांत कळवायची आणि नोंदी १८० दिवस जपायच्या. नोंदी जपायला जागा लागते, जागेला वीज. ते सोसायला हवं, कारण चोर कुठून शिरला हे त्याच नोंदी सांगतात. पण रात्रभर रिकाम्या व्हरांड्याचं चित्रण तीन-तीन महिने साठवून ठेवणं, एकाच घरपट्टी यादीच्या अकरा प्रती वेगवेगळ्या पेनड्राइव्हवर बाळगणं, संपलेल्या योजनेच्या अर्जदारांचे फोटो ‘असू देत’ म्हणून ठेवणं, यात सुरक्षा वाढत नाही. चोरीला जाण्यासारखा माल वाढतो. लाडकी बहीण योजनेच्या अर्जांच्या वेळी २०२४च्या जुलैमध्ये अंगणवाडी सेविकांच्या स्वतःच्या फोनमध्ये गावातल्या किती बायकांची कागदपत्रं जमा झाली असतील? पुढे ई-केवायसीच्या नावाने खोटी संकेतस्थळं निघाली आणि सरकारला सावधानतेचे इशारे द्यावे लागले. सेविकेला फोन भरला म्हणून नवा घ्यावा लागतो, जुना मुलाकडे जातो किंवा दुकानात बदलला जातो, आणि त्या कागदपत्रांचं काय झालं हे विचारायचं कुणाचंच काम नसतं.

पुस्तक कुठूनही वाचायला घेता येईल. बँकेत किंवा पतसंस्थेत काम करणाऱ्यांनी कॉसमॉस बँकेच्या प्रकरणापासून सुरुवात करावी. पुण्यातल्या या सहकारी बँकेतून ऑगस्ट २०१८मध्ये दोन दिवसांच्या हल्ल्यात ९४ कोटींहून जास्त रक्कम गेली, त्यातली बरीचशी देशोदेशीच्या एटीएममधून. कारखान्यात काम करणाऱ्यांना, मुरबाडच्या औद्योगिक वसाहतीतल्या लोकांना विशेषतः, २७ जून २०१७चा जेएनपीटी बंदरातला प्रसंग जवळचा वाटेल. दूर युक्रेनमध्ये सुटलेल्या नॉटपेट्या व्हायरसने या बंदरातलं एक टर्मिनल बंद पाडलं. शिक्षकांनी सरळ ई-कचऱ्याचं प्रकरण काढावं. जगभरात २०२२ साली ६ कोटी २० लाख टन ई-कचरा निघाला आणि त्यातला जेमतेम २२ टक्के रीतसर गोळा होऊन पुनर्वापरात गेला, हा संयुक्त राष्ट्रांचा आकडा मुलांना सांगायला ठीक. पण शाळेच्या संगणक कक्षातली यंत्रं मोजायला लावली तर मुलांना जास्त समजेल.

शेवटच्या प्रकरणात एक कोरा तक्ता आहे: यंत्र कोणतं, कधी घेतलं, त्यावर कुणाची माहिती आहे, शेवटचं अपडेट कधी, निकामी झाल्यावर ते कुठे जाणार. तो भरला की पुढचा प्रश्न पैशाचा येतो, आणि त्याला या पुस्तकात पूर्ण उत्तर नाही. वित्त आयोगाच्या निधीतला बंधित भाग पाणी आणि स्वच्छतेसाठीच राखलेला. संगणकाची दुरुस्ती अबंधित भागातून किंवा पंचायतीच्या स्वनिधीतून करायची, आणि पाड्यांच्या पंचायतीचा स्वनिधी म्हणजे थकलेली घरपट्टी. जुन्या यंत्रात एसएसडी आणि थोडी मेमरी टाकली तर ते आणखी चार वर्षं चालतं, पण तेवढ्या छोट्या कामाचा ठराव, दरपत्रकं आणि मंजुरी यांत जितका कागद जातो तितक्यात नवा संगणक पदरात पडतो, आणि नव्या संगणकाचं उद्घाटनही होतं. दुरुस्तीला सोपं लेखाशीर्ष मिळावं, ही मागणी पंचायत समितीच्या बैठकीत कशी मांडायची याचा एक नमुना परिशिष्टात दिला आहे. ज्यांना त्यात बदल सुचतील त्यांनी तो खुशाल बदलून वापरावा.